जबाब, पान सातवं

साहेब, वेळ लिहून घ्या : दुपारचे दोन सतरा.
शेपटीकडे धप्प झालं,
भरलेलं पोतं माळ्यावरून पडावं तसं.
मग तेलाचे तिन्ही काटे शून्याकडे निघाले,
एकामागून एक, जराही घाई न करता,
दुकानाच्या फळ्या लावणाऱ्या माणसासारखे.

मी गेनरिख बोस, फ्लाइट इंजिनिअर, वय अठ्ठावन्न.
खाली कोस्तानायचा माळ, नोव्हेंबरातला, करडा.
मागे विमानाच्या पोटात नऊ घोडे
आणि त्यांचा मोतद्दार, सुगिरबेक.

कॅप्टन त्लेउखाननं चाक ओढलं. काही नाही.
ढकललं. काही नाही.
दोर तुटल्यावर रहाट फिरावा तसं ते फिरत होतं,
हलकं.
मला भीती वाटली ती त्या हलकेपणाची.

तुम्ही विचारता, मग वळवलं कसं.
इंजिनांचे चार दांडे होते. तेवढेच जिवंत.
डावीकडचे दोन रेटले की उजवीकडे कलायचं,
उजवीकडचे रेटले की डावीकडे. कधी कधी.
नाक मात्र कुणाचं ऐकत नव्हतं :
वेग आला की वर चढायचं,
चढताना दम संपला की खाली,
खाली आलं की पुन्हा वेग,
झोपलेल्या म्हाताऱ्याच्या छातीसारखं.

आणि इंजिन लगेच उत्तर देत नाही, साहेब.
मी दांडा हलवायचो तो
आठ सेकंदांनी जे विमान तिथं असेल, त्याच्यासाठी.
समोरचं विमान हातातून केव्हाच गेलेलं असायचं.
लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाला
हे समजावून सांगावं लागत नाही.

नाक झुकलं की घोडे अर्धं पाऊल पुढे सरकत.
नऊ घोड्यांचं अर्धं पाऊल. मला दांड्यात कळायचं.
मी फोनवर ओरडलो, सुगिरबेक, त्यांना हलू देऊ नकोस!
तो म्हणाला, किती वेळ?
मी म्हणालो, माहीत नाही.
तेव्हा त्यानं शीळ घालायला सुरुवात केली.
बारीक, एकसुरी, मोतद्दार घोड्याला मुतवायला घालतात ती.
मुतायला उभा राहिलेला घोडा पाऊल हलवत नाही.
तुमच्या कागदावर पाहिलं मी,
तिथं लिहिलंय, ‘अज्ञात आवाज, एकेचाळीस मिनिटं.’
अज्ञात नाही. खोडा ते.

झानिल उंची वाचत होती. तिचा आवाज
शाळेत पाढे म्हणणाऱ्या मुलीसारखा सरळ.
दोनशे. दीडशे.
शंभरावर नाक पडलं.
अंगातलं हाडन् हाड म्हणत होतं, दांडे मागे घे.
मी पुढे रेटले, चारही.
जमिनीकडे पडताना आणखी वेग मागायचा,
हे हातांना शिकवता येत नाही. ते कसे शिकले, विचारू नका.
नाक उठलं, थोडं उशिरा.
उजवी चाकं आधी. मग डावी, पुन्हा उजवी.
मग धावपट्टी सोडून गव्हाचे सड, दहिवर, माती,
काचेवर माती.

विमान थांबलं.
शीळ थांबली नव्हती.

दोन गोष्टी राहिल्या.
कॅप्टनच्या तळव्यांना फोड आलेत.
डॉक्टरनं विचारलं कशाचे, तो बोलला नाही.
शेवटच्या क्षणापर्यंत तो ते मेलेलं चाक ओढत होता,
काटे शून्यावर बघूनसुद्धा.
हे लिहू नका. किंवा लिहा, पण नीट लिहा.

आणि तुमचा तक्ता. माल : नऊ नग. नुकसान : एक नग.
तिचा पुढचा पाय गेला होता.
सुगिरबेकनं बंदूक दुसऱ्याच्या हाती दिली नाही.
बोझतोरगाय नाव होतं तिचं.
म्हणजे चंडोल. इथलाच पक्षी,
याच माळावर, जमिनीवर घरटं करतो.
रकाना लहान आहे, मला दिसतंय.
समासात लिहा.

सही कुठं करू?